पहिला वस्तरा घेताना

रानात असाल, गोठ्यात असाल, नाहीतर गटाच्या बैठकीला निघाला असाल, हातातलं काम चालू राहू द्या आणि कान तेवढा इकडे द्या. आज आपण बोलणार आहोत वस्तऱ्याबद्दल. पहिला वस्तरा घ्यायचा तर कसला घ्यायचा, त्यात काय बघायचं आणि काय टाळायचं.

कुणी म्हणेल, दाढी गड्यांची, वस्तरा गड्यांचा, मग बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला? पण जरा आपल्याच घरात डोकावून बघा. कॉलेजात जाणारा पोरगा मोबाइलवर बघून म्हणतो, आई, मला आजोबांसारखा वस्तरा घेऊन दे. गटातली एखादी बाई नवऱ्याच्या माघारी केशकर्तनाचं दुकान चालवायचं ठरवते आणि कर्जाचा अर्ज घेऊन बैठकीला येते. नातवाचं जावळ काढायचं असतं. सासरे अंथरुणाला खिळलेले असतात आणि त्यांची दाढी वाढलेली असते. या सगळ्या ठिकाणी पैसे मोजायला आणि काळजी घ्यायला आपणच असतो. तेव्हा माहितीही आपल्यालाच हवी.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करू. विळा किंवा खुरपं घेताना आपण धार बघतो आणि मूठ बघतो. वस्तरा घेताना त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा. हा वस्तरा एकाच माणसाच्या गालावर फिरणार आहे, की अनेकांच्या? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की अर्धी निवड झालीच म्हणून समजा.

बाजारात वस्तऱ्याच्या दोन जाती आहेत. पहिली जुनी, अखंड पात्याची. मूठ, मुठीत मिटणारं पोलादी पातं आणि दोन्हींना जोडणारी खीळ. धार गेली की हेच पातं दगडावर लावायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाजवायचं आणि पुन्हा वापरायचं. पूर्वी गावच्या नाभिक दादांच्या धोकटीत हाच वस्तरा असायचा. दुसरी जात ब्लेडच्या वस्तऱ्याची. दिसायला तसाच, तसाच मिटतो, पण त्याला स्वतःचं पातं नसतं. पात्याच्या जागी एक खाच असते. त्या खाचेत साध्या दोन धारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवायचा आणि काम झालं की काढून टाकायचा. आज सातारा-सांगलीतल्या बहुतेक दुकानांत हाच दिसतो.

हा बदल का झाला, ते समजून घेऊ. दाढी करताना कातडीला इतकी बारीक खरचट होते की डोळ्यांना दिसतही नाही. त्यातून पात्याला किंचित रक्त लागतं. आपल्याकडे कावीळ म्हटलं की दूषित पाणी आठवतं. पण हिपॅटायटिस बी आणि सी नावाच्या ज्या काविळी आहेत, त्या रक्तातून पसरतात आणि वर्षानुवर्षं अंगात राहून यकृत खराब करतात. त्यातल्या बी काविळीचा विषाणू शरीराबाहेर, अगदी वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्ही इतका चिवट नाही, पण तोही रक्तातूनच जातो. म्हणून एकाचं पातं दुसऱ्याच्या गालाला लागता कामा नये. पातं फडक्याला पुसलं, पाण्यात हलवलं, जंतुनाशकात क्षणभर बुचकळलं, एवढ्याने भागत नाही.

म्हणजे नियम सरळ झाला. वस्तरा अनेकांसाठी असेल, तर ब्लेडचाच घ्यायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा तुकडा लावायचा. तिरुपतीला केस द्यायला जाऊन आलेल्यांना हे माहीत असेल. तिथे एवढी गर्दी असते, तरी माणसागणिक नवं अर्धं ब्लेड वापरायची पद्धत आहे.

आता दुकान टाकणाऱ्या बाईने ब्लेडचा वस्तरा निवडताना काय बघावं?

पहिलं, तो पूर्ण स्टीलचा असावा. प्लास्टिकच्या मुठीचा स्वस्त पडतो, पण रोज उकळला तर टिकत नाही. स्टीलचा वस्तरा संध्याकाळी साबणाने घासून वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवता येतो. दुसरं, दुकानातच अर्धं ब्लेड लावून बघा. ते गच्च बसलं पाहिजे. बोटाने नव्हे, काडीने हलवून बघा. किंचितही हललं तर तो वस्तरा परत ठेवा. हलणारं ब्लेड गालावर थरथरतं आणि कापतं. तिसरं, ब्लेड किती बाहेर येतं ते बघा. धारेची बारीक, सगळीकडे सारखी कड बाहेर दिसली पाहिजे. एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असेल, तर जास्तीचं टोक रक्त काढणार. ब्लेडचे कोपरेही झाकलेले असावेत. चौथं, खीळ. वस्तरा उघडा धरला की तो आपोआप मिटता कामा नये आणि उघडायला जोरही लागता कामा नये. पाचवं, आपला हात. आपल्या हाताची बोटं लहान असतात. फार जड आणि लांब मुठीचा वस्तरा मनगटाला ओढतो. धरून, उघडून, मिटून बघा आणि मगच पैसे द्या.

असा वस्तरा शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळतो. एक घेण्यापेक्षा तीन घ्या. एक हातात, एक उकळत, एक जादा.

गटाने कर्ज मंजूर करताना वस्तऱ्याच्या किमतीकडे बघू नये, ब्लेडच्या हिशेबाकडे बघावं. एका ब्लेडचे दोन तुकडे होतात. पाच ब्लेडचं पाकीट म्हणजे दहा दाढ्या. दिवसाला दहा दाढ्या धरल्या आणि सोमवारची सुट्टी सोडून महिन्याचे २६ दिवस धरले, तर २६० तुकडे झाले. म्हणजे १३० ब्लेड, म्हणजेच २६ पाकिटं. तुमच्या बाजारातला पाकिटाचा भाव याच्यात घाला. हा खर्च दर महिन्याचा आहे आणि तो दाढीच्या दरात आधीच धरायचा. तो धरला नाही की महिनाअखेरीस हात आखडतो आणि एकच तुकडा दोघांना लावायचा मोह होतो. आजार शिरतो तो त्या मोहातून.

दुकान चालवणाऱ्या बाईने आणखी एक करावं. बी काविळीची लस आहे. मोठ्या माणसांना तिचे तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. दवाखान्यात विचारून ती घ्या. सी काविळीला लस नाही, म्हणून नवं ब्लेड हाच उपाय. आणि तुरटी! तुरटी रक्त थांबवते, ते खरं. पण जंतू मारायचं काम तिच्यावर सोडू नका. एकच खडा दहा गालांवर फिरवू नका. तुरटीचं पाणी करून ठेवा आणि प्रत्येकाला नव्या कापसाने लावा.

आता घरातल्या पोराकडे वळू. त्याला एकट्यासाठी वस्तरा हवाय. एकाच माणसाचा असेल, तर अखंड पात्याचा घ्यायला हरकत नाही. नीट जपला तर तो जन्मभर टिकतो, प्लास्टिकचा कचरा होत नाही, ब्लेडही विकत घ्यावं लागत नाही. पण तो निवडताना चार गोष्टी बघाव्या लागतात.

एक, पात्याची रुंदी. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. आपल्याकडे सुतार त्याला सूत म्हणतात. शिकणाऱ्याला पाच किंवा सहा सुताचं पातं बरं. त्याहून रुंद असेल तर नाकाखाली नीट फिरत नाही. दोन, टोक. चौकोनी टोक दिसायला ऐटबाज, पण कानाची पाळी आणि नाकपुडी कापायला तेच पुढे. पहिल्या वस्तऱ्याचं टोक गोल असावं. तीन, पात्याची घडण. काही पाती पाचरीसारखी भरीव असतात, काही दोन्ही बाजूंनी पोकळ घासून पातळ केलेली असतात. अगदी कागदासारखं पातळ पातं नवख्याच्या हातात लवकर दुखावतं. मध्यम पोकळ पातं घ्यावं. चार, धातू. साधं पोलाद धार लवकर घेतं, पण गंजतं. गंज न चढणारं स्टील धार उशिरा घेतं, पण दमट हवेत टिकतं. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या बाजूला पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा बुरसतात. तिथे स्टीलचं पातं बरं. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखात पोलादाचं चालेल. तिथेसुद्धा वस्तरा न्हाणीत ठेवायचा नाही. पुसून, कोरडा करून, तेलाचा हलका हात देऊन ठेवायचा.

हे ऐकून सोपं वाटेल, पण खरा खर्च पुढे आहे. अखंड पात्याला दर दाढीच्या आधी चामड्याच्या पट्ट्यावर पाजवावं लागतं, एका बाजूला निदान तीस वेळा. पाजवताना पात्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवायची. उलट केलं की पट्टाही कापतो आणि धारही मरते. काही महिन्यांनी दगड लागतो. तो आपल्या विळी-कोयत्याचा दगड नव्हे. वस्तऱ्याचा शेवटचा दगड आठ हजार नंबरचा, हाताला आरशासारखा गुळगुळीत लागणारा असतो. आणि गल्लीत चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा कधी देऊ नका. चाकाने पातं तापतं आणि पात्याचं पाणी उतरतं. मग त्याला कितीही घासा, धार राहत नाही.

जर्मनीतलं झोलिंगेन, फ्रान्समधलं तिएर, इंग्लंडमधलं शेफील्ड ही गावं अशा पात्यांसाठी नावाजलेली आहेत. तिथलं नवं पातं घ्यायचं तर काही हजार रुपये मोजावे लागतात. दोन-तीनशे रुपयांत अखंड वस्तरा कुणी दाखवला, तर हात आखडता घ्या. तो बहुधा नुसत्या आकाराचा वस्तरा असतो. त्याचं पोलाद धार धरत नाही.

काहींच्या घरी पेटीच्या तळाशी आजोबांचा वस्तरा असेल. तो फेकू नका आणि लगेच वापरूही नका. उजेडात धरून बघा. गंजाचे डाग पाठीवर असतील तर चालेल, पण धारेत बारीक खड्डे पडले असतील तर तो पुन्हा चांगला होणं अवघड. सपाट काचेवर ठेवून पातं वाकलंय का ते बघा. धारेत कुठे चिपारी उडालीय का ते बघा. सगळं ठीक असेल, तर वस्तरा लावायची विद्या असलेल्या जुन्या नाभिक कारागिराला दाखवा. गावोगावी अजून असे म्हातारे हात आहेत. पोराने त्यांच्यापाशी बसून पाजवायला शिकावं. ही विद्या दुकानात विकत मिळत नाही.

मग पोराचा पहिला वस्तरा कोणता? आमचं सांगणं असं, एकटा वापरणार असला तरी सुरुवात ब्लेडच्या वस्तऱ्याने करावी. हात तोच, कोन तोच, पण पाजवायची कटकट नाही आणि पैसेही कमी अडकतात. सहा महिन्यांनी हात बसला आणि हौस टिकली, तर अखंड पात्याचा विचार करू दे. नाही टिकली तर शंभर-दोनशेच गेले.

शिकायचं कसं, तेही सांगतो. पहिला गाल फुग्याचा! फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा फुटला की समजायचं, हात जड आहे. फुगा फुटेनासा झाला की मगच माणसाच्या गालाकडे वळायचं. दुकानाचं शिकणाऱ्या बाईनेही हेच करावं. गालावर पातं आडवं निजवायचं आणि पाठ थोडीशी उचलायची. हा कोन साधारण तीस अंशांचा, म्हणजे काटकोनाचा तिसरा हिस्सा. दाढी आधी गरम पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवायची. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला वस्तरा न्यायचा, दाबायचा नाही. पहिले पंधरा दिवस फक्त गाल. हनुवटी आणि गळा नंतर. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यात फेस धरत नाही. तेव्हा दाढीपुरतं फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्यावं. फेस दाट नसला की वस्तरा कोरडा ओढतो आणि दोष वस्तऱ्याला जातो.

आता जिथे वस्तरा वापरूच नये, त्या जागा. अंथरुणावरच्या सासऱ्यांची किंवा वडिलांची दाढी आपण करत असू, तर उघडा वस्तरा नको. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, मान अचानक हलते. मधुमेह असेल तर जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही. त्यांना साधा संरक्षक रेझर किंवा बॅटरीचं मशीन बरं, आणि तेही फक्त त्यांच्यापुरतं वेगळं ठेवलेलं. चेहऱ्यावर पुळ्या, चामखीळ असतील तर तेवढी जागा सोडून द्यायची.

आणि जावळ. कुलदैवताला जाऊन जावळ काढायची आपली रीत आहे. ती जपू, पण ब्लेडचं नवं पाकीट घरून न्या. नाभिक दादांना ते आपल्यासमोर फोडायला सांगा. यात त्यांचा अपमान नाही, चांगला कारागीर उलट खूश होतो. बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून तिथे दाब नको. बाळ रडून हातपाय झाडत असेल, तर थांबा. देव घाई करत नाही, घाई आपल्यालाच असते.

वापरलेल्या ब्लेडचं काय करायचं? ते उकिरड्यावर टाकू नका. उकिरडा शेणखतात जातो, शेणखत रानात जातं आणि भांगलताना तेच ब्लेड कुणातरी बाईच्या बोटात शिरतं. चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटातही जातं. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला बारीक चीर पाडा आणि ब्लेड त्यातून आत टाका. डबा भरला की चीर बंद करा आणि आरोग्य केंद्रात विचारून त्यांच्याकडे द्या. ब्लेड मोडतानाही कागदासकट मधोमध दुमडून मोडा, उघडं नको.

शेवटी, बाईने वस्तरा हातात घ्यावा का, असं अजूनही कुणी विचारत असेल तर एक नाव सांगतो. शांताबाई यादव. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरसासगिरी गावात त्यांनी हे काम केलं. १९८४ साली त्यांचे पती वारले. पदरात चार लेकी, मजुरीत घर भागेना. गावातल्या हरिभाऊ कडुकरांनी सुचवलं, नवऱ्याचा धंदा तूच का करत नाहीस? त्यांनी वस्तरा उचलला. सुरुवातीला लोक हसले, नावं ठेवली. पण त्यांनी त्याच कामावर लेकींना वाढवलं, त्यांची लग्नं केली. देशातल्या पहिल्या महिला नाभिक म्हणून आज त्यांचं नाव घेतात.

याच वस्तऱ्याने एके काळी बाईचं भलं केलेलं नाही, हेही लक्षात ठेवू. नवरा मेला की काही जातींत बाईचं डोकं भादरायचे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात अशाच विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. पुढे १८९० साली सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. हातातलं काम बुडत असताना त्या कारागिरांनी वस्तरा खाली ठेवला. शांताबाईंनी तो पोटासाठी उचलला. वस्तरा कधी उचलायचा आणि कधी खाली ठेवायचा, हे हातातल्या माणसाने ठरवायचं असतं.

तर मैत्रिणींनो, घोकून ठेवा. अनेकांसाठी ब्लेडचा, पूर्ण स्टीलचा. एकट्यासाठीही पहिला ब्लेडचाच. अखंड पातं हात बसल्यावर, गोल टोकाचं, पाच-सहा सुताचं. माणसागणिक नवा तुकडा. वापरलेलं ब्लेड डब्यात. आणि गटात कुणी बहीण केशकर्तनाच्या कर्जाचा अर्ज घेऊन आली, तर तिला हसू नका. तिला ब्लेडचा हिशेब विचारा. हिशेब बरोबर असेल, तर अर्जावर सही करा.